मोजून केलेली जखम

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि त्याच सुमाराला त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक ठरावीक गर्दी दिसू लागते. पुण्या-मुंबईत ती पूर्वीपासून होती, आता तालुक्याच्या गावांतही आहे. लग्न तीन आठवड्यांवर आलंय, गालांवर मुरुमांचे डाग आहेत, नाकाच्या दोन्ही बाजूंना वांग उमटलेत, उन्हानं कपाळ काळवंडलंय, तर काहीतरी करा, अशी ही विनवणी असते. आणि हल्ली ती इतकी मोघमही राहिलेली नाही. ‘पील करायचंय’ असं नाव घेऊनच लोक येतात. पार्लरच्या ब्रायडल पॅकेजच्या यादीत पील असतं, मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत असतं आणि ड्रॉपरच्या बाटलीत घरपोचही मिळतं.

केमिकल पील म्हणजे काय, हे आधी सरळ सांगायला हवं. त्वचेवर ठरावीक तीव्रतेचं आम्ल ठरावीक वेळ लावायचं, तिचे वरचे थर मुद्दाम दुखावायचे, ते गळून पडू द्यायचे आणि खालून नवी त्वचा येण्याची वाट पाहायची. म्हणजे ही जखमच आहे. फक्त ती किती खोल करायची हे आधी ठरवलेलं असतं. फायदा होतो तो त्वचा स्वतःला भरून काढते त्यामुळे. आम्ल त्या कामाला फक्त सुरुवात करून देतं. हे एकदा नीट समजलं, की पीलकडून काय मागावं, काय मागू नये आणि कुणाच्या हातून ते करून घ्यावं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सोपी होतात. मला या लेखात एवढंच पटवून द्यायचं आहे, कारण हे न समजल्यामुळे भाजलेले, काळवंडलेले चेहरे आपल्या आसपास वाढत चालले आहेत.

कातडीच्या आत

चेहऱ्याची बाह्यत्वचा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असते. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. शास्त्रज्ञ त्याला विटांच्या भिंतीची उपमा देतात: चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं हा गिलावा. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकत जातात आणि साधारण चार आठवड्यांनी पृष्ठभागावरून झडून जातात. वय वाढतं तसा हा प्रवास मंदावतो, म्हणून चाळिशीनंतर त्वचा निस्तेज आणि खरखरीत वाटू लागते.

त्याच तळाच्या थरात मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्यांनी बनवलेल्या रंगकणांच्या आकारात आणि ते कण आजूबाजूच्या पेशींत कसे पसरतात यात. सावळ्या त्वचेत हे कण मोठे असतात, सुटे सुटे पसरतात आणि जास्त काळ टिकतात. उन्हातले अतिनील किरण अडवण्याचं काम ते करतात. पण या पेशींचा आणखी एक स्वभाव आहे. त्वचेला इजा झाली, दाह झाला, की त्या जास्त मेलॅनिन तयार करू लागतात. पिवळा पडलेला मुरुम फुटून गेल्यावर महिनोन्‌महिने राहणारा काळा डाग हे याचंच उदाहरण.

बाह्यत्वचेच्या खाली अंतस्त्वचा असते. तिथे कोलॅजनचे तंतू, रक्तवाहिन्या आणि नसा असतात. सुरकुत्या आणि मुरुमांचे खड्डे यांचं मूळ इथे असतं. तज्ज्ञ पीलचे तीन प्रकार करतात ते याच नकाशावरून. वरवरचं पील बाह्यत्वचेतच थांबतं आणि चार-सात दिवसांत भरून येतं. मध्यम पील अंतस्त्वचेच्या वरच्या भागात शिरतं, त्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. खोल पील अंतस्त्वचेच्या मध्यापर्यंत जातं आणि त्यानंतरची लाली कित्येक महिने राहू शकते. जखम जितकी खोल, तितका बदल मोठा आणि धोकाही तितकाच मोठा.

व्हिएन्नापासून मायामीपर्यंत

आधुनिक वैद्यकात या उपचाराची नोंद एकोणिसाव्या शतकात झाली. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८७४ च्या सुमारास वांग आणि चेहऱ्यावरचे तपकिरी ठिपके घालवण्यासाठी तीव्र द्रव्यं वापरली. १८८२ साली हॅम्बुर्गच्या पॉल गेर्सन उन्ना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रेसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांचे त्वचेवर होणारे परिणाम नोंदवले. आज दवाखान्यात ज्याला ‘टीसीए’ म्हणतात ते हेच शेवटचं आम्ल. उन्नांच्या यादीतली द्रव्यं एकशे चाळीस वर्षांनंतरही वापरात आहेत, ही त्यांच्या निरीक्षणाची पावती आहे.

न्यूयॉर्कच्या जॉर्ज मॅकी यांनी १९०३ पासून मुरुमांच्या खड्ड्यांवर फिनॉल वापरायला सुरुवात केली, पण त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले ते १९५२ साली. मधल्या काळात ही विद्या डॉक्टरांच्या हातून निसटून भलतीकडेच गेली होती. लॉस एंजेलिस आणि फ्लोरिडामध्ये वैद्यकीय शिक्षण नसलेले लोक गुप्त मिश्रणं वापरून श्रीमंत गिऱ्हाइकांचे चेहरे सोलत होते. कुणी आपलं मिश्रण दुसऱ्याला सांगत नसे. ते वैद्यकाच्या उजेडात आणलं मायामीच्या थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन या प्लास्टिक सर्जननी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांचं सूत्र थेंबांत मोजलेलं होतं: ८८ टक्के फिनॉल ३ मिलि, पाणी २ मिलि, द्रवरूप साबणाचे ८ थेंब आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब.

हे क्रोटन तेल म्हणजे आपल्या ओळखीचा जमालगोटा. त्याच्या बियांचं तेल कातडीला लागलं तर फोड उठवतं, हे आपल्याकडच्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. अमेरिकेत मात्र जवळजवळ चाळीस वर्षं डॉक्टर असं मानून चालले, की सगळं काम फिनॉल करतं आणि तेल केवळ मदतनीस आहे. २००० साली ग्रेगरी हेटर यांनी वेगवेगळी प्रमाणं तपासून दाखवलं, की पील किती खोल जाईल हे मुख्यतः ठरवतं ते क्रोटन तेलच. मिश्रणात ते दोन टक्क्यांच्या आसपास असतं. ते कमी-जास्त केलं की जखमेची खोलीही बदलते. तीन थेंबांतल्या एका थेंबानं चेहऱ्याचं भवितव्य बदलू शकत होतं आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं. या उपचारात मोजमापाला इतकं महत्त्व का, हे यावरून उमजतं.

फिनॉलचा दुसरा धोका कातडीच्या खाली असतो. ते त्वचेतून रक्तात जातं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. म्हणून हे पील करताना हृदयावर सतत यंत्रानं लक्ष ठेवतात, शिरेतून सलाइन देतात आणि चेहऱ्याचे भाग पाडून, प्रत्येक भागानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबत काम करतात. २०२४ च्या जूनमध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात एका सौंदर्य केंद्रात फिनॉल पील केल्यानंतर एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात तिथल्या औषध नियामक संस्थेनं अशा उपचारांसाठी फिनॉल वापरण्यावर बंदी आणली. आपल्याकडे गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर फिनॉलचं खोल पील सहसा करतच नाहीत. रंग कायमचा जाण्याची किंवा डाग कायमचे राहण्याची भीती फार असते.

उसाचं, दुधाचं, बदामाचं

आज आपल्या दवाखान्यांत जी पीलं रोज होतात त्यांची कथा मात्र वेगळ्या आजारापासून सुरू होते. इक्थियोसिस नावाच्या जन्मजात विकारात त्वचा माशाच्या खवल्यांसारखी जाड आणि कोरडी होते. १९७४ साली यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं, की अल्फा हायड्रॉक्सी गटातली आम्लं लावली तर हे खवले सुटतात. ही आम्लं विटांमधला गिलावा सैल करतात, त्यामुळे मृत पेशी सहज झडतात. खवल्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी लागलेला हा शोध पुढे जगभरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात गेला.

या गटातलं सर्वांत छोट्या रेणूचं आम्ल म्हणजे ग्लायकॉलिक. ते उसात नैसर्गिकरीत्या असतं म्हणून जाहिरातीत उसाचं चित्र असतं, पण बाटलीतलं आम्ल बहुधा कारखान्यात रासायनिक प्रक्रियेनं बनवलेलं असतं. रेणू लहान असल्यानं ते लवकर आत शिरतं. दह्या-ताकात सापडणारं लॅक्टिक आम्ल त्याहून सौम्य. कडू बदामाशी नातं सांगणाऱ्या मॅन्डेलिक आम्लाचा रेणू मोठा, त्यामुळे ते हळू आत जातं आणि सावळ्या त्वचेला अनेकदा तेच मानवतं. सॅलिसिलिक आम्ल वेगळ्या गटातलं. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलानं भरलेल्या रंध्रांत शिरून मुरुमांच्या गुठळ्या मोकळ्या करतं. टीसीएचा स्वभाव याहून निराळा. ते त्वचेतली प्रथिनं जागीच गोठवतं. त्वचा पांढरी पडते आणि त्या पांढरेपणावरून तज्ज्ञ ओळखतात की आम्ल किती खोल पोहोचलं.

बाटलीवरचे टक्के पाहून पील सौम्य की तीव्र हे ठरवता येत नाही, ही गोष्ट प्रत्येक ग्राहकानं लक्षात ठेवावी. आम्लाचा पीएच किती, ते पाण्यात आहे की जेलमध्ये, त्वचा आधी किती घासून पुसली आहे, किती थर दिले, किती वेळ ठेवलं, या सगळ्यांवर परिणाम ठरतो. अमेरिकेतल्या प्रसाधन घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळानं १९९८ साली घरगुती वापरासाठी ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक आम्लांची मर्यादा १० टक्के आणि पीएच ३.५ किंवा त्याहून जास्त अशी सुचवली. दवाखान्यात ७० टक्क्यांपर्यंतचं ग्लायकॉलिक वापरतात, तेही खूप कमी पीएचचं. एकाच नावाची ही दोन द्रव्यं प्रत्यक्षात दोन वेगळी औषधं आहेत.

खुर्चीतली काही मिनिटं

चांगल्या दवाखान्यात पीलची सुरुवात खुर्चीत बसण्याच्या दोन ते चार आठवडे आधी होते. सनस्क्रीन, रात्री लावायचं ट्रेटिनॉइन किंवा हलकं ग्लायकॉलिक मलम, गरज असेल तर डाग फिके करणारं औषध, अशी त्वचेची तयारी करून घेतात. त्यामुळे आम्ल सगळीकडे सारखं शिरतं आणि नंतर डाग पडण्याची शक्यता कमी होते. डॉक्टर बारीकसारीक विचारतात: ओठांवर वरचेवर जर, म्हणजे तापाचे फोड, उठतात का, गरोदर आहात का, जखमांचे व्रण जाड होतात का, कुठली मलमं लावत होता, मुरुमांसाठी गोळ्या चालू आहेत का. जर उठणाऱ्यांना मध्यम पीलआधी विषाणूरोधक गोळ्या देतात, नाहीतर ताज्या जखमेत तोच संसर्ग पसरू शकतो. गरोदरपणात सॅलिसिलिक पील टाळतात.

प्रत्यक्ष दिवशी चेहरा स्वच्छ धुऊन स्पिरिट किंवा ॲसिटोननं त्यावरचं तेल पुसतात. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांच्या कडा इथे व्हॅसलिन लावतात, कारण द्रव तिथेच साचतो. डोळे धुवायला सलाइनची बाटली हाताशी असते. मग ब्रशनं किंवा गॉजनं आम्ल लावायला सुरुवात होते ती कपाळापासून. नंतर गाल, हनुवटी, नाक आणि शेवटी डोळ्यांजवळची नाजूक कातडी. रुग्णाच्या हातात छोटा पंखा देतात. झोंबतं, चुरचुरतं, आणि त्या दोन-तीन मिनिटांत डॉक्टरांची नजर घड्याळापेक्षा चेहऱ्यावर जास्त असते. ग्लायकॉलिक असेल तर समान लाली येताच सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणानं ते निष्क्रिय करतात. एखाद्या जागी राखाडी-पांढरट झाक दिसली, तर तिथे आम्ल हवं त्याहून खोल गेलंय असं समजून ते लगेच थांबवतात. सॅलिसिलिक सुकताना चेहऱ्यावर पांढरी भुकटी उरते. ते त्याचे स्फटिक असतात, भाजल्याची खूण नव्हे. टीसीए मात्र एकदा लागलं की पाण्यानं किंवा सोड्यानं परत घेता येत नाही. ते लावतानाच मोजून लावावं लागतं.

पुढचे दिवस रुग्णाच्या हातात असतात. कातडी ताणल्यासारखी वाटते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापुद्रे सुटतात आणि ते ओढून काढायचा मोह होतो. ओढले की खाली अर्धवट तयार झालेली त्वचा उघडी पडते आणि डाग राहतो. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि सावली, एवढंच पथ्य. अशी चार ते सहा सत्रं, दर दोन-चार आठवड्यांनी. तीन आठवड्यांवर लग्न असताना हे गणित बसत नाही, हे उघड आहे.

मुरुम, खड्डे, वांग

पीलचा खरा उपयोग कशासाठी? मुरुमांत सॅलिसिलिक पील रंध्रं मोकळी करतं, दाह कमी करतं आणि मागे राहिलेले काळे डाग फिके करायला मदत करतं. पण ते मुख्य उपचाराला जोड म्हणूनच. मलमं आणि गरज असेल तेव्हा गोळ्या यांना पर्याय म्हणून पील करणं म्हणजे मूळ रोगाला मोकळं सोडणं. पूर्वी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या थांबवल्यानंतर सहा महिने कुठलंही पील करू नये असा कडक नियम होता. २०१७ साली अमेरिकी त्वचाशल्यतज्ज्ञांनी जुने पुरावे पुन्हा तपासले आणि वरवरच्या पीलसाठी इतकं थांबायला आधार नाही असं मत दिलं. मध्यम आणि खोल पीलची काळजी मात्र तशीच आहे.

सुईनं टोचल्यासारखे बारीक आणि खोल खड्डे हा मुरुमांचा सर्वांत चिवट वारसा. त्यावर कोरियातल्या डॉक्टरांनी २००२ साली एक सुंदर तंत्र मांडलं. संपूर्ण चेहऱ्यावर आम्ल न लावता लाकडी टूथपिकच्या टोकानं अतितीव्र टीसीए फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवायचं. काही क्षणांत तो ठिपका पांढरा होतो आणि पुढच्या आठवड्यांत तळाशी नवं कोलॅजन तयार होऊन खड्डा वर येऊ लागतो. आजूबाजूची निरोगी त्वचा शाबूत राहते. जखम जिथे हवी तिथेच आणि तेवढीच, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या उपचारात दिसत नाही.

वांगांची गोष्ट कठीण. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सममितीनं पसरणारे हे तपकिरी डाग बायकांमध्ये जास्त दिसतात. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातली प्रवृत्ती आणि या सगळ्यांच्या वर ऊन. फक्त अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेत डाग गडद करतो. म्हणून वांगांसाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, रंगाची झाक असलेलं सनस्क्रीन सुचवतात. पीलनं वांग फिके होतात, पण उन्हात गेलं की परत येतात. इथे पील हा उपचाराचा एक छोटा भाग आहे आणि सनस्क्रीन हा त्याचा पाया.

आणि वांग कुणाला येतात हे पाहायला हवं. भरउन्हात खुरपणी करणाऱ्या बाईला, घरोघरी सर्वेक्षणाला फिरणाऱ्या आशाताईला, रोज दुचाकीवर कामाला जाणाऱ्या नर्सला. चेहरा आणि मान झाकायला दोन बोटांवर मावेल एवढं सनस्क्रीन लागतं, म्हणजे साधारण एक ग्रॅम, आणि उन्हात असताना ते दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं. असं नीट लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवडेही पुरत नाही, आणि तिची किंमत कित्येक घरांच्या महिन्याच्या हिशेबात बसत नाही. अशा बाईला पील करून पाठवणं आणि उन्हाबद्दल काहीच न बोलणं हा अन्याय आहे. पुण्यातल्या मुली दुचाकीवर तोंडाला बांधतात तो जाड विणीचा स्कार्फ, शेतात डोक्यावरून ओढलेला पदर, रुंद काठाची टोपी, ही साधनंही खरी आहेत. ती डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहायला हवीत.

आपल्या रंगाचा हिशेब

अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते यावरून तिचे प्रकार पाडले. सुरुवातीचे चार प्रकार गोऱ्या त्वचेसाठी होते. तपकिरी आणि काळी त्वचा पाचवा-सहावा प्रकार म्हणून नंतर त्यात आली. आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतो. पीलची जुनी पुस्तकं आणि सूत्रं मात्र पहिल्या-दुसऱ्या प्रकारासाठी लिहिली गेली होती. गोऱ्या त्वचेवर उन्हानं येणारे कर्करोगपूर्व चट्टे काढायला मध्यम पील तिथे उपयोगी ठरतं. आपल्याकडे असे चट्टे कमी दिसतात आणि तेच पील आपल्या गालावर काळा डाग सोडून जाऊ शकतं. म्हणूनच भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ साली आपल्या परिस्थितीसाठी पीलची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ती लिहिणाऱ्या डॉ. निती खुंगर यांनी रुग्णाची निवड, आधीची तयारी आणि नंतरची काळजी या तिन्हींवर भर दिला. सावळ्या त्वचेवर कमी तीव्रतेनं, जास्त वेळा, हळूहळू जायचं, हा या क्षेत्रातल्या अनुभवाचा गाभा आहे.

याच इतिहासात एक वेदनादायी पान आहे. ट्रेटिनॉइनला त्वचाविज्ञानात महत्त्व मिळवून देणारे फिलाडेल्फियाचे अल्बर्ट क्लिगमन यांनी १९५० च्या दशकापासून १९७४ पर्यंत तिथल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर असंख्य प्रयोग केले. त्यातले पुष्कळ कैदी कृष्णवर्णीय होते. त्यांना धोके पुरेसे सांगितले गेले नाहीत. पुढे १९७५ साली याच क्लिगमन यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं डाग घालवणारं मिश्रण मांडलं. कुणाच्या तरी सावळ्या कातडीवर शिकलेलं हे ज्ञान आहे, हे आपण विसरू नये.

त्या मिश्रणाचीच भावंडं आज आपल्या गावोगावच्या औषध दुकानांत मिळतात. ‘डागांचं क्रीम’ म्हणून मैत्रीण सांगते, दुकानदार देतो, आणि सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, लव वाढते, मुरुम फुटतात आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो. २०११ साली देशातल्या अनेक केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांची पाहणी झाली. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, म्हणजे शंभरातले जवळपास पंधरा. २०१८ मध्ये सरकारनं यातली अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती मिळतातच. अशा पातळ झालेल्या त्वचेवर नेहमीच्या तीव्रतेचं पील लावलं तर ते कितीतरी खोल जातं. म्हणून ‘कुठलं क्रीम लावत होता’ या प्रश्नाचं उत्तर खरं द्यायला हवं. शक्य तर ट्यूबच सोबत न्यावी.

या सगळ्याच्या मुळाशी गोरेपणाची ओढ आहे. फेअर अँड लव्हली हे क्रीम १९७५ साली बाजारात आलं आणि २०२० साली त्याच्या नावातला ‘फेअर’ गेला. लग्नाच्या जाहिरातीतली ‘गोरी, सुस्वरूप’ मात्र अजून गेलेली नाही. पील कुणालाही गोरं करत नाही. ते डाग फिके करतं, खरखरीतपणा घालवतं, मूळ रंग एकसारखा दिसू देतं. ‘दोन शेड उजळ’ असं वचन देणारा माणूस तुमच्या आजाराकडे पाहत नसतो, तो तुमच्या मनातल्या न्यूनगंडाचा धंदा करत असतो.

कुणाच्या हातून

ऑनलाइन बाटल्या आणि पार्लरमधलं ‘पार्टी पील’ याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२४ च्या जुलैमध्ये ग्राहकांना इशारा दिला, की टीसीए, ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक आम्लाची तीव्र पीलं तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय वापरू नयेत. अशा पीलमुळे गंभीर भाजणं, सूज आणि कायमचे व्रण होऊ शकतात. घरात आरशासमोर पील लावणाऱ्याला राखाडी झाक ओळखता येत नाही, आणि ती ओळखेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ब्युटीशियनच्या हातात कौशल्य असतं, पण भाजलेल्या त्वचेवर काय करायचं, ओठांवर जर उठले तर कुठली गोळी द्यायची, याचं शिक्षण तिला मिळालेलं नसतं. घरगुती लिंबूही निरुपद्रवी नाही. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं, की फोड आणि मग काळे पट्टे उठतात. टूथपेस्टनं मुरुम सुकत नाही, भाजतो. दिवाळीचं उटणं मृत पेशी वरच्यावर घासून काढतं, तेवढ्यापुरतं ते ठीक. चेहऱ्यावर वांग असतील तर तेही जोरानं चोळू नये.

मग करायचं काय? पील करून घेण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात. माझं निदान काय आहे? कुठलं आम्ल, किती टक्के, किती खोल? माझ्या त्वचेच्या प्रकाराला हेच का? काळे डाग पडले तर पुढे काय कराल? आणि लावणारा माणूस त्वचारोगाचा पदव्युत्तर डॉक्टर आहे का? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला, तर तो दवाखाना सोडून निघावं.

व्यवस्थेकडूनही मागणी करायला हवी. स्टेरॉइड मलमांच्या विक्रीवरचा नियम औषध दुकानाच्या काउंटरवर दिसला पाहिजे. उन्हात राबणाऱ्या आशाताई आणि शेतमजूर बायकांसाठी सनस्क्रीन प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवं, कारण त्यांच्यासाठी ते प्रसाधन नसून औषध आहे. मुलामुलींना शाळेतच कळायला हवं, की मुरुम हा आजार आहे आणि त्याला लाजायचं कारण नाही.

आणि ज्यांना पीलची खरंच गरज आहे त्यांनी घाबरू नये. योग्य हातात, योग्य तयारीनं, सहा महिन्यांच्या धीरानं केलेलं पील कितीतरी चेहऱ्यांवरचं वर्षांचं ओझं उतरवतं. आरसा टाळणारी मुलगी पुन्हा मान वर करून बोलू लागते, हा फायदा मोजपट्टीत मावत नाही. फक्त त्याची वेळ त्वचा ठरवते, मुहूर्त नाही. जो डॉक्टर तुमचं लग्न जवळ आलेलं ऐकूनही ‘आज नको, आधी काही आठवडे तयारी करू’ असं सांगतो, त्याच्याकडेच पुन्हा जा.